हायड्रोजनची टाकी आपल्या गच्चीवर हवी का?

सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसले की पुढचा प्रश्न साठवणुकीचा येतो, आणि हल्ली त्याचे उत्तर म्हणून हायड्रोजन सुचवला जातो. उरलेल्या विजेने पाण्याचे विघटन करायचे, मिळालेला हायड्रोजन टाकीत भरून ठेवायचा आणि गरज पडेल तेव्हा फ्युएल सेलमधून त्याची पुन्हा वीज करायची, ही कल्पना मला मनापासून आवडते. तरीही आपल्याकडच्या निवासी इमारतींसाठी तिचा आग्रह धरणे मला चुकीचे वाटते.

स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरजवळच्या ब्र्युटेन गावात २०१६ साली नऊ कुटुंबांसाठी अशी इमारत उभी राहिली. तिला बाहेरची वीजजोडणीच नाही. छपराबरोबर भिंतींवरही सौर पॅनेल आहेत, रोजच्या चढउतारासाठी बॅटरी आहे, आणि उन्हाळ्यातली जास्तीची वीज हायड्रोजनच्या रूपाने हिवाळ्यासाठी राखली जाते. त्याआधी जर्मनीतील फ्राइबुर्ग येथे फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी १९९२ मध्येच असे स्वयंपूर्ण सौरगृह बांधून दाखवले होते. या दोन्ही ठिकाणी यंत्रांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती त्याआधीची तयारी : भिंतींचे उष्णतारोधन आणि कमी वीज खाणारी उपकरणे यांच्या साहाय्याने घराची गरजच आधी खाली आणली गेली. ती आणली नसती तर लागणारी टाकी घराला पेलली नसती.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. एक किलो हायड्रोजन तयार करायला पन्नासहून अधिक युनिट वीज लागते, त्या किलोत ३३ युनिट ऊर्जा असते, आणि फ्युएल सेल त्यातली साधारण निम्मीच वीज म्हणून परत देतो. म्हणजे तीन युनिट घातले तर जेमतेम एक हाती येते. लिथियमची बॅटरी शंभर युनिटांपैकी पंच्याऐंशीच्या आसपास परत करते, पण युरोपातल्या उन्हाळ्यातली, म्हणजे जून-जुलैतली वीज जानेवारीपर्यंत पुरवायची तर इतक्या बॅटऱ्या परवडत नाहीत. ऋतूंमधले हे अंतर ओलांडायचे असेल तरच हायड्रोजनमधली घट सोसण्याजोगी ठरते. शिवाय वाया जाणारी ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते, आणि तिथल्या थंडीत तीच घर तापवायला उपयोगी पडते.

महाराष्ट्रात हिवाळा हा उलट स्वच्छ उन्हाचा काळ असतो. पावसाळ्यात उत्पादन घटते हे खरे, पण ते थांबत नाही, आणि आपल्या इमारती वीजजाळ्याला जोडलेल्या असल्यामुळे नेट मीटरिंगने, म्हणजे दिलेली वीज बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीने, जास्तीची वीज तिथे देता येते. आपल्याला भरून काढायची आहे ती संध्याकाळ आणि रात्र. उष्णतेचे म्हणाल, तर आंघोळीच्या पाण्यापलीकडे नागपूरच्या घरात तिचे काय करायचे?

सुरक्षेचा मुद्दाही हलका नाही. हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या विस्तृत प्रमाणात हायड्रोजन पेट घेऊ शकतो, आणि त्याला रंग किंवा वास नसल्यामुळे गळती माणसाच्या लक्षात येत नाही. मोकळ्या जागेतील टाकी, वायुवीजन, गळती ओळखणारे संवेदक आणि प्रशिक्षित देखभाल यांना पर्याय नाही, आणि दाटीवाटीच्या सोसायटीत हे सारे वर्षानुवर्षे चोख राहील असे गृहीत धरायला मी तयार नाही. खतनिर्मिती, तेलशुद्धीकरण आणि पोलाद या उद्योगांना मात्र हायड्रोजन कच्चा माल म्हणूनच लागतो. हरित, म्हणजे सौर-पवन अशा अक्षय विजेवर बनवलेल्या हायड्रोजनवरचा सार्वजनिक पैसा आधी तिकडे जायला हवा. सोसायटीकडे साठवणुकीसाठी निधी असेल, तर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे रात्री चालतील एवढी बॅटरी तिने आज घ्यावी.