सिमेंटचं सोडा, रिंगांचं बोला

मोठ्या भूकंपात इमारती पडल्या की पहिलं वाक्य ठरलेलं: "सिमेंट खाल्लं असणार." खातातही. पण मला विचाराल तर आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, इमारतींचा घात जास्त वेळा लोखंडाच्या वळणात असतो.

भूकंपाचं पूर्ण बळ धरून इमारत कुणी डिझाइन करतच नाही. ती वाकेल, तडकेल, पण कोसळणार नाही, या भरवशावर बळ काही पटींनी कमी धरतात. हा सगळा भरवसा कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांवर. हादऱ्यात कव्हर, म्हणजे रिंगांबाहेरचा काँक्रीटचा थर, गळून पडतं. रिंगेची टोकं ९० अंशांत वळवलेली असली तर तिथेच ती उघडते, सळया बाहेर फुगतात आणि आतल्या काँक्रीटचा चुरा होतो. तीच टोकं १३५ अंशांत आत वळवली तर गाभ्यात रुतून राहतात. कॅलिफोर्नियातल्या १९७१च्या सॅन फर्नांडो भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू या नव्याकोऱ्या हॉस्पिटलात कोपऱ्यांतले साध्या रिंगांचे कॉलम फुटले. स्प्रिंगसारखी सलग सळई (स्पायरल) गुंडाळलेले कॉलम भयंकर वाकले, पण वजन धरून राहिले. एकाच इमारतीत!

"आम्ही भरपूर लोखंड घातलंय" हे ऐकलं की मला जास्तच भीती वाटते. कुठे घातलंय? आडव्या बीममध्ये घालून तो कॉलमपेक्षा दणकट झाला, तर आधी कॉलम मोडणार. बीम मोडला तर डागडुजी होते. एका मजल्याचे कॉलम गेले की वरचे मजले खाली बसतात. कुठे मोडायचं हे डिझाइन करणाऱ्यानेच आधी ठरवायचं, हा विचार न्यूझीलंडच्या पार्क आणि पॉले या इंजिनियरांनी १९७०च्या दशकातच नीट मांडून ठेवलाय.

खाली मोकळं पार्किंग आणि वर विटांच्या भिंती असल्या की वरचे मजले ताठ राहतात, सगळी हालचाल तळमजल्याच्या कॉलमांवर येते. २००१च्या भुज भूकंपात दोनशे किलोमीटरहून लांबच्या अहमदाबादेत अशा कितीतरी इमारती बसल्या. २०२३मध्ये तुर्कस्तानात काही ठिकाणी हादरे डिझाइनच्याही पलीकडचे होते, हे मान्य. तरी एक इमारत जमीनदोस्त आणि शेजारची उभी, हे तिथेही दिसलंच.

फ्लॅट घेताना लोक क्यूब टेस्टचा, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचा, रिपोर्ट मागतात. मागा. पण बीम-कॉलमच्या जोडाचा, काँक्रीट ओतण्याआधीचा फोटोही मागा. सळयांच्या गर्दीत रिंगा बसवणं जिकिरीचं, म्हणून नेमक्या तिथल्याच गाळल्या जातात.