‘चालते आहे तोवर चालवा’: जुन्या विंडोजविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद
गोव्यातील व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला फिरत असतो: ‘विंडोज १०चा सपोर्ट संपला म्हणून घाबरू नका. सॉफ्टवेअर झिजत नाही, अँटिव्हायरस पुरेसा असतो, लहान दुकानाकडे हॅकर फिरकत नाहीत आणि बिलिंगचा संगणक इंटरनेटवर नसतोच.’ यातले पहिले विधान शब्दशः खरे आहे आणि त्याच्याच आधाराने बाकीची तीन गळी उतरतात.

सॉफ्टवेअर झिजत नाही, पण त्यातील त्रुटी मात्र सतत सापडत राहतात. विंडोज ७च्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या, विंडोज १०च्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. नव्या आवृत्तीसाठी मात्र त्या दर महिन्याला निघतात, आणि दोन्ही आवृत्त्यांचा पुष्कळसा कोड समान असल्यामुळे दुरुस्तीत नेमके काय बदलले हे तपासणाऱ्याला जुन्या आवृत्तीत कोणती जागा उघडी राहिली तेही समजू शकते. सपोर्ट संपलेली प्रणाली जागच्या जागी असते. तिच्याविषयीची हल्लेखोराची माहिती वाढत जाते.

अँटिव्हायरस संशयास्पद फाइली अडवतो. मूळ त्रुटी बुजवणे त्याच्या हाती नाही.

लहान दुकानाविषयीचा समज फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या संगणकी किड्याने मे २०१७ मध्येच खोटा ठरवला. सुमारे १५० देशांत पसरलेला हा किडा गिऱ्हाईक निवडत नव्हता. नेटवर्कवर त्रुटी असलेले विंडोज यंत्र दिसले की तो आपोआप शिरत होता. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, मात्र विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट २०१४ साली संपलेला असल्याने तिच्यासाठी ही दुरुस्ती सर्वांना खुली झाली हल्ल्यानंतर, तीही अपवाद म्हणून.

राहिला ‘इंटरनेटवर नसलेला’ संगणक. वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्यात एकाच यंत्राला जोडलेला, नेटवर्क आणि पेन ड्राइव्ह या दोहोंपासून खरोखर दूर ठेवलेला एक्सपीचा संगणक असेल, तर हा मुद्दा मला मान्य आहे. पण कळंगुटच्या हॉटेलात परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते, जीएसटीचे विवरणही ऑनलाइनच जाते, आणि बहुधा त्याच संगणकावर पासपोर्टच्या प्रतीही साठलेल्या असतात. त्याला इंटरनेटबाहेरचा म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

सल्ल्यामागची खर्चाची तक्रार मात्र रास्त आहे. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नाही म्हणून विंडोज ११ सुस्थितीतले संगणकही नाकारते. तरीही पर्याय आहेत: व्यवसायांना विंडोज १०च्या सुरक्षा-दुरुस्त्या जास्तीत जास्त तीन वर्षे विकत मिळतात, पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट, आणि ज्या टेबलावर फक्त ब्राउझर लागतो तिथे विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणालीही चालते. सगळे एकदम बदलणे परवडत नसेल, तर आधी पासपोर्टच्या प्रती आणि बँकेचे व्यवहार असलेला संगणक बदलावा.