‘पोट्ट्याले काय होते?’

एक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मला तो शाळेच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि नात्यातल्या एका काकूंनी हात जोडलेल्या चिन्हासह वेगळाही पाठवला. मजकूर थोडक्यात असा: लहानपणी कुणी हात लावला म्हणून गळे काढणारे पुरुष ही नवी फॅशन आहे. हे दुःख मुलींचं, पोराचं त्यात काही बिघडत नाही. नको होतं तर ओरडला का नाही? असले पुढे स्वतःच तसे निघतात, लेक देताना जपा. आणि वीस वर्षांनी उकरून काय मिळणार, माफ करा आणि मोकळे व्हा. शेवटी खास आपल्या नागपुरी बोलीत, ‘पोट्ट्याले काय होते बे?’ आणि पुढे हसरे चेहरे.

मी चाळिशी ओलांडलेला, त्या पोट्ट्यांपैकीच एक. म्हणून उत्तर देतोय.

‘मुलींचं दुःख’ हे आधी घेऊ. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये बाल अत्याचारांवरचा अहवाल काढला. महाराष्ट्र धरून 13 राज्यं, 12,447 मुलं. त्यातल्या 53.22 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्त होते, 52.94 टक्के. त्या अभ्यासाची व्याख्या बरीच रुंद होती हे मान्य. पण ती मुलामुलींना सारखीच लावली होती, त्यामुळे हा वाटा व्याख्येवर ढकलता येत नाही.

खरं तर फॉरवर्डवाल्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपला कायदाही कितीतरी वर्षं हेच म्हणत होता. 1860 च्या दंडसंहितेत विनयभंगाचं कलम 354 फक्त स्त्रियांसाठी, बलात्काराचं 375 ही तसंच. मुलग्यासाठी उरायचं ते 377, आणि तेही एका ठरावीक कृत्यापुरतं, म्हणजे लिंगप्रवेशापुरतं. त्याच्या अलीकडचं जे काही घडायचं त्याला धड कलमच नव्हतं. 14 नोव्हेंबर 2012 ला पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला, आणि 18 वर्षांखालचं कुणीही म्हणजे मूल, मुलगा असो की मुलगी, हे लैंगिक गुन्ह्यांच्या देशभरच्या कायद्यात पहिल्यांदा स्वच्छ लिहिलं गेलं. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत 377 नाही, त्यामुळे प्रौढ पुरुषावर अत्याचार झाला तर मोठीच पोकळी राहिली आहे. पण ‘मुलग्यांसाठी कायदाच नाही’ हे खोटं आहे. आणि ‘कपड्यांवरूनच तर हात लावला’ हेही चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये एका मुलीच्या प्रकरणात त्वचेला त्वचा लागली पाहिजे असा अर्थ काढला होता. त्याच नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सांगितलं की महत्त्वाचा आहे तो हेतू.

आता ‘ओरडला का नाही?’

मे महिन्यात नागपुरात अख्खं घर एका कूलरच्या खोलीत झोपतं. सुट्टीत आलेले पाहुणे, मामेभावंडं, चुलतभावंडं, सगळ्यांच्या गाद्या ओळीने. जुन्या कूलरची घरघर एवढी की शेजारचा खोकला तरी कळत नाही. खोली माणसांनी भरलेली होती, आणि तरी झालं. ओरडायचं म्हणजे सगळ्यांना उठवायचं. उठवून सांगायचं काय, ते मला कळत नव्हतं. ज्याने केलं तो नात्यातला वडीलधारा, सकाळी आम्हा सगळ्यांना बर्फाचा गोळा खायला नेणारा. भीतीने माणूस पळतो किंवा हात उचलतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बरेचदा तो गोठतो. मोठी माणसं गोठतात, मी तर चौथीत होतो.

याच प्रश्नाला चिकटून आणखी एक येतो, तो कुणी लिहीत नाही, पानठेल्यावर विचारतात: मग अंगाने साथ कशी दिली? या एका प्रश्नापायी कित्येक पुरुष आयुष्यभर तोंड उघडत नाहीत. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं म्हणून कुणी शोक करत नसतो. स्पर्शाने होणारी ताठरता मज्जारज्जूच्या पातळीवरही घडते, तिला मनाची परवानगी लागत नाही. घाबरलेल्या, किळस आलेल्या मुलाच्या बाबतीतही ती होऊ शकते, आणि करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. ‘बघ, तुलाही आवडलं’ हे तो त्यासाठीच म्हणतो.

‘असले पुढे तसेच निघतात’ हे वाक्य सगळ्यांत विषारी, कारण ते काळजीचा आव आणतं. ही समजूत आली कुठून? तुरुंगातल्या गुन्हेगारांना लहानपणाबद्दल विचारलं, बऱ्याच जणांनी ‘हो, माझ्यावरही झालं’ म्हटलं. पण ज्यांच्यावर झालं आणि ज्यांनी कुणाला बोटही लावलं नाही, ते तुरुंगात नसतातच, मग त्यांना विचारणार कोण? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅथी स्पॅट्झ विडम यांनी उलट्या बाजूने शोध घेतला. न्यायालयात अत्याचाराची नोंद झालेली मुलं घेतली आणि ती मोठी झाल्यावर काय झालं ते तपासलं. 2015 मध्ये आलेला निष्कर्ष असा की मारहाण आणि हेळसांड झालेल्यांमध्ये पुढे लैंगिक गुन्ह्यात अटक होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. लैंगिक अत्याचार झालेल्यांमध्ये तसा ठोस संबंध आढळला नाही. मी स्वतः बाप झालो तेव्हा मुलीला अंघोळ घालायला घाबरायचो, या असल्या वाक्यांपायी. बायकोला वाटायचं, आळस करतोय.

आणि ‘अशाने पोरगा समलिंगी होतो’? नाही होत. कुणाची ओढ कुणाकडे असावी हे अत्याचार करणारा ठरवत नाही. समलिंगी असणं हा बिघाडही नाही.

‘वीस वर्षांनी काय मिळणार?’ ऑस्ट्रेलियात 2013 ते 2017 या काळात संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांवर राजआयोग, म्हणजे सरकारने नेमलेला चौकशी आयोग, बसला होता. त्याच्यापुढे येऊन बोललेल्यांत बहुसंख्य पुरुष होते, आणि पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला लोकांना सरासरी जवळजवळ 24 वर्षं लागली होती. म्हणजे वीस वर्षं हा उशीर नव्हे, रीतच आहे. आपल्याकडेही अशा गंभीर गुन्ह्यांच्या तक्रारीला मुदत नाही. पुरावा जमवणं अवघड, आणि 2012 आधीच्या घटनेला पोक्सो लागत नाही, हे मात्र आधीच समजून जावं.

मिळालं काय ते माझ्यापुरतं सांगतो. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की माझा जबडा आवळायचा, मग दिवसभर घरात कुणाची खैर नसायची. रात्री बाटली. घरातला कूलर काढून एसी लावला तर लोक म्हणाले, पैसा आला. समुपदेशकाने आधी फार साधं काही शिकवलं: वास आला की पाय जमिनीवर दाबायचे, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्यायची, हे कोणतं साल आहे ते स्वतःला सांगायचं. ती रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगता येणं त्यानंतर बरंच उशिरा आलं. विसरलो नाही. वास आजही ओळखतो, पण दिवस हातचा जात नाही.

आपल्या गावात मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला पागलखाना चौक म्हणतात, तेव्हा पाय का अडखळतात ते कळतं. पण मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, मनोविकार ओपीडीत रांगेत कोण कशासाठी बसलंय हे कुणी विचारत नाही. तेही जमत नसेल तर 14416, टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आणि चोवीस तास, मराठीतही. मूल आत्ता संकटात असेल तर 1098, मुलांसाठीची हेल्पलाइन.

राहिली माफी. माफ केल्याशिवाय बरं होता येत नाही, हे कुणी ठरवलं? ज्याला जमतं त्याने करावं. मी केलेलं नाही आणि मला झोप लागते. त्याच्या घरच्या लग्नाला मी जात नाही. मांडवात चारचौघांत त्याच्या पाया पडणं मला मंजूर नाही. नातेवाईक विचारतात तेव्हा बायको सांगते, त्यांना बरं नाही. त्या दिवशी मी बहुतेक अंबाझरीला मुलीला सायकल शिकवत असतो.