फक्त स्केलसाठी

लग्नाला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात नवऱ्याने स्वतःच्या मनाने माझ्यासाठी कपडा आणला, असं एकदाच घडलं. एप्रिलमधल्या एका शनिवारी तो पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "घालून बघ." आत कुंकवासारखं लाल, गादीसारखं फुगलेलं जॅकेट. पुण्यात पारा एकोणचाळीसवर. तरी मी ते घातलं, आरशासमोर उभी राहिले, घामाने निथळले आणि खोटं कशाला बोलू, जराशी विरघळलेसुद्धा. हा पाच पावलं मागे गेला. मग दहा. मग थेट बाल्कनीच्या टोकाला जाऊन त्याने एक डोळा मिटला. "वा! लांबूनसुद्धा उठून दिसतेस."

त्या 'लांबूनसुद्धा'मधली मेख मला जूनमध्ये कळली, लडाखच्या रस्त्यावर.

आमच्याकडे हा दिवसा बँकेत असतो आणि उरलेल्या वेळात लँडस्केप फोटोग्राफर. ही माणसं टाळून काढायची फोटोग्राफी, अशी माझी समजूत होती. ती अर्धीच खरी निघाली. डोंगर फार मोठा असला की फोटोत तो मोठा वाटतच नाही. शेजारी ओळखीच्या मापाचं काहीतरी लागतं. भूगर्भशास्त्रवाले खडकाचा फोटो काढताना त्यावर हातोडी ठेवतात, तसं. आमच्याकडे ती हातोडी म्हणजे मी.

"अगं, जरा तिथे जाऊन उभी राहतेस? फक्त स्केलसाठी."

सहलीच्या तारखा आमच्या रजेवर ठरल्या नाहीत, अमावास्येवर ठरल्या. आकाशगंगा टिपायची तर चंद्र नको. म्हणून ज्येष्ठ अमावास्येच्या रात्री लडाखमधल्या हानले गावाला पोचायचं आणि तिथून उलटे दिवस मोजत निघायचा मुहूर्त काढायचा. सासूबाईंना हे कळल्यावर त्या दोन दिवस याच्याशी बोलल्या नाहीत. "लोक अमावास्या टाळून निघतात, हा अमावास्या गाठायला निघालाय!"

कॅमेऱ्याच्या सामानाचं वजन अकरा किलो भरलं. माझ्या बॅगेत लोकरीचे मोजे होते, पण प्रत्येक मोज्यात एकेक लेन्स. मी छत्री ठेवली, ती याने काढली. "पर्जन्यछायेचा प्रदेश आहे तो, शाळेत काय शिकलीस? छत्री कशाला?" छत्रीच्या जागी रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परतवायचा पडदा, गेला. घडी घातली की ताटाएवढा, सोडला की फटकन उघडून बैलगाडीच्या चाकाएवढा, एका बाजूने चंदेरी आणि दुसऱ्या बाजूने सोनेरी. भडंग आणि मेतकूट मी पर्समध्ये लपवून नेलं.

मनालीहून गाडी ठरवली होती. ड्रायव्हरदादा केलाँगचे, पन्नाशीचे, अत्यंत कमी बोलणारे. अटल बोगद्यात देवदारांच्या हिरव्या बाजूने शिरलो, ९.०२ किलोमीटर पार करून लाहौलमध्ये निघालो आणि तिथून पुढे डोंगरांनी एकेक कपडा उतरवायला सुरुवात केली. आधी झाडं गेली, मग झुडपं, मग गवत. पसरणी घाट उतरून वाई मागे टाकत म्हसवडकडे जावं तसंच, फक्त हजारो फूट उंचावर. पावसाचे ढग दक्षिणेकडच्या रांगांवर अडतात आणि लेहला अख्ख्या वर्षात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात एवढा जुलैतल्या एका दुपारी पडतो. छत्रीच्या मुद्द्यावर नवरा बरोबर होता, हे मी मनातल्या मनात मान्य केलं. दुसऱ्या दिवशी ते मागे घेतलं, पण ते पुढे येईल.

पहिली रात्र जिस्पाला काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला उठवलं, कारण चांगला उजेड सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभरच असतो. मधले दहा-बारा तास फोटोग्राफर कुरकुर करत असतो, आणि जेवणं-चहा-नाश्ता नेमके त्या दोन तासांतच यावेत, अशी इतर मनुष्यजातीची इच्छा असते. बारालाचा ला ही खिंड ओलांडून सरचूच्या पुढे गाटा लूप्स लागले. एकाच डोंगरावर २१ वळणं, कुणीतरी नागमोडी दोरी टाकून ठेवल्यासारखी. आम्ही वर पोचलो. याने खाली वाकून पाहिलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

"तिसऱ्या वळणावर कोणी असतं ना..."

"मी आत्ताच तिथून वर आले. गाडीने."

"उतरायचंच तर आहे!"

मी उतरले. लाल जॅकेट घालून, धुळीतून, शॉर्टकटने. तिसऱ्या वळणावर उभी राहिले, वरून हात हलला, डावीकडे सरकले, पुन्हा हात हलला, पुन्हा उजवीकडे. मग हात हलायचा थांबला, म्हणजे फोटो निघाला किंवा लेन्स बदलणं सुरू झालं. ड्रायव्हरदादा गाडी घेऊन खाली येतील असं मी गृहीत धरलं होतं. पण गाडी हलली तर तिची धूळ फ्रेममध्ये येणार होती! चढून यायचं होतं.

एरवी मी पर्वती एका दमात चढते. इथे साडेचार हजार मीटरवर दहा पावलं चढले की छातीत कुणीतरी ढोल बडवायचं. एका वळणावर दगडांचं छोटं देऊळ होतं आणि त्याच्याभोवती शेकडो पाण्याच्या बाटल्या, कित्येक सीलबंद. तहानेने घसा कोरडा पडलेला आणि समोर हे. ती बाटल्यांची रास भुताची. ट्रकवाले सांगतात, खूप वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या तोंडावर इथे एक ट्रक बिघडला. आजारी क्लीनरला मागे ठेवून ड्रायव्हर मदत आणायला गेला, बर्फ पडलं, आणि तो परत येईपर्यंत क्लीनर पाणी पाणी करत गेलेला. तेव्हापासून येणारा-जाणारा तिथे पाणी ठेवतो. 'तू इथे थांब, मी आलोच' असं सांगून ज्याला मागे ठेवलं, त्या क्लीनरबद्दल मला एकदम घरचं माणूस असल्यासारखं वाटलं. मी हात जोडले. पाणी मात्र वर गेल्यावरच प्याले, चारचौघांसारखं गाडीतलं.

आणि मग मोरे प्लेन्स. नाव ऐकून मला वाटलं, जावळीचे मोरे इथपर्यंत कसे आले! आले असते तर निदान एखादी भिंत बांधून ठेवली असती. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी मी सकाळीच घेतली होती. त्या गोळीने वारंवार जावं लागतं. शिवाय दिवसभरात चार लिटर पाणी प्यायचं, असं बजावलेलं. ते मी अगदी शहाण्या मुलीसारखं पीत आले होते. पांग मागे पडलं आणि समोर चाळीसेक किलोमीटर सपाट माळ. रस्ता पट्टीने आखलेला. दोन्हीकडे दूरवर डोंगर, मध्ये एक झुडूप नाही, खडक नाही, खड्डासुद्धा नाही. जगात इतका निर्लज्ज सपाटपणा मी पाहिलेला नाही.

"दादा, कहीं झाड़ी..."

"झाड़ी तो मैडम अब नीचे जाके मिलेगी," दादा शांतपणे म्हणाले. "टांगलांग ला के बाद." म्हणजे ५,३२८ मीटरची खिंड ओलांडून.

त्या क्षणी मला छत्री आठवली. पुणेरी, काळी, लांब दांड्याची, निघताना बाहेर काढलेली छत्री. नवऱ्यालाही आठवली असावी, कारण त्याने काही न बोलता डिकी उघडली आणि रिफ्लेक्टर काढून दिला. फटकन उघडला. आमच्या अख्ख्या संसारात त्या वस्तूचा एवढा उपयोग आधी झाला नव्हता, नंतरही झालेला नाही. वारा असा की दोन्ही हातांनी धरावा लागला. आणि चंदेरी बाजू बाहेर धरली, ही माझी चूक. दुपारच्या उन्हात मी अख्ख्या माळाला दीपगृहासारखी चमकून दाखवत होते. समोरून आलेल्या एका ट्रकने हॉर्न दिला. लांब उभे असलेले चार-पाच कियांग, म्हणजे तिथली रानगाढवं, मान वळवून बघत राहिले. नवऱ्याने घाईघाईने मोठी लेन्स लावली. कियांगांसाठी, असं त्याचं म्हणणं आहे. तोवर ती पळून गेली, आणि जे राहिलं त्याचा फोटो काढला असतास तर मी माहेरी गेले असते, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

लेहला दोन दिवस नुसतं झोपून काढले, श्वास जागेवर यायला. मग खार्दुंग ला. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं असे. नीट मोजल्यावर खिंड ५,३५९ मीटर भरली, म्हणजे साडेसतरा हजारांच्या जेमतेम वर. स्थळाच्या पत्रिकेत उंची सांगतात तशीच सांगितलेली. तिथे स्केल लागलं नाही, कारण पाटीपुढे दीडशे माणसं आधीच उभी होती.

पलीकडे नुब्रा खोऱ्यात हुंदर. मागे बर्फाचे डोंगर आणि पायथ्याशी वाळूच्या टेकड्या, त्यांवर दोन वशिंडांचे उंट. पूर्वी मध्य आशियाचा व्यापार या वाटेने चाले, त्या तांड्यांमागे राहिलेल्या उंटांचा हा वंश. आता ते पर्यटकांना फिरवतात आणि चेहऱ्यावर त्याबद्दलचं मत स्पष्ट दिसतं. याला टेकडीच्या धारेवर एकटं माणूस हवं होतं, पण वाळूवर पावलांचा ठसा नको होता. "मागून वळसा घालून ये ना."

मी वळसा घातला. वाळूत दोन पावलं पुढे, एक मागे, असं करत अर्ध्या तासाने धारेवर उगवले. त्या फोटोत मी अनंत वाळवंटात एकटी आहे. प्रत्यक्षात माझ्या डाव्या हाताला, फ्रेमच्या जरा बाहेर, डोंबिवलीचं अकरा जणांचं कुटुंब सतरंजी अंथरून भेळ कालवत होतं. त्यातल्या काकू बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. शेवटी राहवलं नाही. उठून आल्या, हळूच म्हणाल्या, "मराठीच ना तुम्ही? भांडण झालंय का मिस्टरांशी?"

मी म्हटलं, "नाही हो, स्केलसाठी उभी आहे."

त्यांना काय कळलं कोण जाणे. "होतं असं प्रवासात," म्हणाल्या आणि द्रोणभर भेळ हातात दिली. लांबून आरोळी आली, "हातात काय आहे? खाली ठेव!" काकूंनी माझ्याकडे जी नजर टाकली, तिच्यात 'बघा, म्हटलं नव्हतं?' असं सगळं होतं.

पॅंगाँग निळा आहे. फार निळा आहे. तिथे पाण्यात घोट्यापर्यंत उभं राहायचं होतं, त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

शेवटी अमावास्या गाठली. हानले हे गाव म्हणजे काळोख राखून ठेवलेली जागा. २०२२ च्या डिसेंबरमध्ये हा परिसर 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून जाहीर झाला. रात्री खिडक्यांना जाड पडदे, गाडीचे दिवे मंद, उघड्यावर फक्त लाल टॉर्च. टेकडीवर वेधशाळा आहे, दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण. ती चालवणारे शास्त्रज्ञ बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. म्हणजे त्यांना तारे हवेत, पण थंडीत यावं लागत नाही. आणि शेजारी बायको उभी करावी लागत नाही.

थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, म्हणून चार बॅटऱ्या आदल्या दिवसापासून माझ्याच पांघरुणात होत्या. दोन माझ्या मोज्यांत. मध्यरात्री त्या काढून घेण्यात आल्या, मोजे थंड पडले, आणि मला शंभर पावलांवर एका दगडावर उभं करण्यात आलं.

"वीस सेकंद अजिबात हलू नकोस. हललीस तर दोन डोकी येतात."

आकाशगंगेचा व्यास एक लाख प्रकाशवर्षं. माझी उंची पाच फूट एक इंच. तिला माझं स्केल.

वीस सेकंद फार असतात. मनात घड्याळ नको म्हणून मी पाढे म्हणायला लागले. सतराचा पाढा बरोबर वीस सेकंदांत बसतो, एकोणीसच्याला जरा जास्त लागतात. पहिल्याच फोटोला गावातली दोन कुत्री येऊन पायाशी बसली. ती माझ्यापेक्षा स्थिर वाटत होती. चौदाव्या की पंधराव्या वेळी, सतरा सक्के एकशे दोन म्हणता म्हणता, माझी मान आपोआप वर गेली. क्षितिजापासून थेट डोक्यावर, राखुंडी सांडल्यासारखा लांबलचक पट्टा. मधे काळे डाग, कडेला दाटी. पुण्यात चार तारे मोजून मी 'किती तारे आज' म्हणते, ते आठवलं.

"वर बघू नकोस!" अंधारातून आवाज आला.

त्या रात्री अख्ख्या हानलेत वर बघायची बंदी असलेली मी एकटीच असेन.

त्या एकतीस फोटोंपैकी एकही छापला नाही. सगळ्यांत कुत्री हललेली आहेत. हॉलमध्ये सोफ्याच्या मागे लागला तो गाटा लूप्सचा. तीन फूट बाय दोन फूट, काचेच्या फ्रेममध्ये. तपकिरी डोंगर, २१ वळणं. येणारे-जाणारे "अबब, केवढा डोंगर!" म्हणतात आणि नवरा माझ्याकडे बघून मान डोलवतो.

परवा मावशी ती काच पुसताना बराच वेळ एकाच जागी अडकल्या. आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग कागदाचा बोळा, शेवटी नख.

"ताई, सगळं लख्ख झालं बगा. ह्यो येवढा कुंकवाचा डाग काय निघंना."

मी जवळ जाऊन बघितलं.

"राहू द्या मावशी," मी म्हटलं. "तो आतून आहे."