शिक्षण परिषद, जिलेबी आणि 52 वजा 27

आज परत शिक्षण परिषद झाली, म्हणजे आमची शिक्षकांची महिन्याची बैठक. स्वागत, गुलाबपुष्प, बदलून आलेल्यांचा सत्कार, पत्रकांचं वाचन, मग दोन शिक्षकांचं 'माझा यशस्वी उपक्रम', मग मटकीची उसळ, जिलेबी, ग्रुप फोटो आणि जाताना 'लिंक भरल्याशिवाय कोणी जाऊ नये'. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं काय शिकलात आज, तर मला खरंच आठवेना, जिलेबी चांगली होती एवढंच सांगितलं.

17 वर्षं झाली झेडपीच्या शाळेत. द्विशिक्षकी शाळा, दोघांत चार वर्ग, त्यातला एक जण मीटिंगला किंवा बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला गेला की उरलेला एकटाच. अशा शाळेतल्या माणसाला वर्गाबद्दल बोलायला कोणी नसतं हो, म्हणून तर महिन्यातून एकदा केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, सगळ्या शाळांनी एकत्र बसायचं ही कल्पना मला आजही आवडते, आधी गटसंमेलन म्हणायचे. पण तिथे जो तो यशच घेऊन येतो. माझ्या वर्गात अमुक जमत नाहीये असं उभं राहून बोललेला एकही शिक्षक मी इतक्या वर्षांत बघितला नाही आणि मीही बोलले नाही. कशाला बोलू, समोर साहेब बसलेले आणि मागे मोबाईल वर करून शूटिंग चालू!

2018 साली आम्ही शेजारच्या वाड्यांवरच्या चार शाळांतले पाच जण शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर बसायला लागलो. ठरवून काहीच नव्हतं, एका मॅडमची गाडी पंक्चर झाली म्हणून सगळे थांबलो आणि वह्यांवरून विषय निघाला. 52 वजा 27, माझ्या वर्गात निम्म्या पोरांचं उत्तर 35. दुसऱ्या मॅडमनी पिशवीतून वह्या काढल्या, त्यांच्याकडेही 35! म्हणजे पोरं दोनातून सात काढतच नव्हती, सातातून दोन काढत होती. आमच्यातले सगळ्यात सिनियर गुरुजी, रिटायरमेंटला चार वर्षं राहिलेली, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अहो, 'लहानातून मोठा जात नाही' हे मीच शिकवतो की, मग पोरं मोठ्यातून लहान काढणारच." आम्ही सगळेच ते वाक्य म्हणत होतो. पुढच्या आठवड्यात गुरुजींनी दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊन पाठ घेतला, दुकानदाराला 27 रुपये द्यायचेत, सुटे दोनच आहेत, काय करशील? एक पोरगी पटकन म्हणाली, नोट मोडून आणते. 'हातचा' शब्द न काढता हातचा झाला. मी मागे बसून गुरुजींकडे नाही, पोरांच्या हाताकडे बघत होते.

नंतर कळलं की जपानमध्ये शिक्षक शंभरहून जास्त वर्षं हेच करतायत, पाठ मिळून ठरवायचा, एकाने घ्यायचा, बाकीच्यांनी पोरं कशी विचार करतात ते बघायचं. आपल्याकडेही साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या झेडपी शाळांचा गट, पोरं फरशीवरच्या आखणीवर स्वतः करून कशी शिकतात ते बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून गेलेच होते. परत येऊन बऱ्याच शाळांनी फरश्या रंगवल्या. फरशीवरची आखणी फोटो काढून आणता येते, तिथल्या शिक्षकांनी बसून घातलेला वाद कसा आणणार?

आमचा ग्रुप दोनदा मरायला टेकला. पहिल्यांदा कौतुकामुळे. एका साहेबांच्या कानावर गेलं, त्यांनी चांगल्या मनानेच 'याला उपक्रमाचं नाव द्या, अहवाल द्या' सांगितलं, पुढच्या शनिवारी बॅनर आणि 40 माणसं. त्या दिवशी एकानेही चुकलेली वही काढली नाही. दुसऱ्यांदा बदल्यांमुळे, पाचातले तीन एकाच यादीत गेले. तेव्हा वाचवलं ते एका शंभर पानी वहीने. प्रत्येक वेळी एक पान, पोरांची चूक काय, आपण काय करून बघितलं, जमलं की नाही. नवीन आलेल्या सरांनी ती घरी नेली आणि सोमवारी फोन करून म्हणाले, मॅडम, 35 वालं पोरगं माझ्याकडं पण आहे!

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या विकासासाठी, तेही स्वतःच्या आवडीप्रमाणे, असं लिहिलंय. वाचून बरं वाटलं. पण आपल्याकडे 50 तास म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते प्रमाणपत्र, कोर्स व्हिडिओ म्यूट करून पुढे ढकलत पूर्ण झालेले मी बघितलेत (केलेतही, खोटं कशाला बोलू). शनिवारच्या आमच्या दीड तासाला कोण प्रमाणपत्र देणार? आणि खरं सांगू का, देऊच नका, दिलंत की परत बॅनर येईल. त्यापेक्षा चार शाळांतल्या लोकांना महिन्यातला एक दुपारचा वेळ द्या, त्या दिवशी कुठलीही 'तात्काळ माहिती' मागू नका, आणि बदल्या करताना अख्खा गट एकदम उचलू नका. एवढंच मागणं आहे.

या शनिवारी माझी पाळी आहे. तिसरीतला एक पोरगा जोडाक्षर आलं की अडखळत नाही, सरळ उडी मारून पुढचा शब्द वाचतो, आणि अर्थ विचारला तर बरोबर सांगतो. चार आठवडे झाले, मला कळत नाहीये. वही घेऊन जातेय.