पाळणा आणि हजेरीपट

बायकांनी जास्त मुलं जन्माला घालावीत, असं आवाहन आंध्रच्या मुख्यमंत्र्यांनी 2024च्या ऑक्टोबरात केलं. तेव्हापासून भारतात मनुष्यबळाची चर्चा पाळण्याभोवतीच फिरते आहे. आज जन्मलेलं मूल श्रमशक्तीत धरलं जायला निदान पंधरा वर्षं लागतात, पदवीपर्यंत शिकलं तर वीस-बावीस. त्याआधी मोठ्या माणसांपैकी किती जण काम करतात किंवा शोधतात, यावरच श्रमशक्तीचा आकडा ठरतो.

जपानमध्ये राहणाऱ्याला हे रोज दिसतं. इथली 15 ते 64 वयाची लोकसंख्या 1995च्या सुमारास शिगेला पोचली आणि मग उतरणीला लागली. तरीही 2012 ते 2019 या काळात श्रमशक्ती साडेसहा कोटींवरून 6.9 कोटींवर गेली, मुख्यतः बायका आणि म्हाताऱ्यांमुळे. पाळणाघरांची प्रतीक्षायादी 2017 मध्ये 26 हजार मुलांची होती, 2023 मध्ये ती तीन हजारांच्या आत आली. शिवाय बालसंगोपन रजेतला भत्ता मालक देत नाही. रोजगार विम्यातून पहिले 180 दिवस पगाराच्या 67 टक्के मिळतात, नंतर 50 टक्के. भारतात 2017च्या कायदादुरुस्तीनं प्रसूतिरजा 26 आठवड्यांची झाली, पण ईएसआय या सरकारी कर्मचारी विमा योजनेच्या कक्षेबाहेर त्या रजेचा पूर्ण पगार मालकाच्या खिशातून जातो. मग छोटा मालक मुलाखतीतच ‘लग्न झालंय का?’ विचारतो, यात नवल ते काय!

जपानचंही सगळं अनुकरणीय नाही. वर्षाची कमाई 13 लाख येनवर गेली की नवऱ्याच्या आरोग्य आणि पेन्शन विम्यातलं आश्रितपण जातं आणि स्वतःचा हप्ता सुरू होतो. म्हणून अर्धवेळ काम करणाऱ्या कितीतरी बायका वर्षअखेरीला शिफ्टच घेत नाहीत. डोकी तेवढीच, तास कमी. (आठवड्याला सत्तर तास काम करावं की नव्वद, हा आपल्याकडचा वादही तासांचाच, त्यानं श्रमशक्ती एका माणसानं वाढत नाही.)

भारतात 15 वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग 2017-18 मधल्या 23.3 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला. आनंद आहे, पण हा आकडा देणाऱ्या सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणातले कोड बघा. घरच्या शेतात वा दुकानात बिनपगारी राबणारी बाई कोड 21, म्हणजे श्रमशक्तीत. घरकाम सांभाळून सरपण, चारा गोळा करणारी कोड 93, म्हणजे बाहेर. वर्षात 30 दिवस घरच्या धंद्याला हातभार लावला, तरी दुय्यम काम म्हणून ती आत येते. 2023-24 मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक अशा बिनपगारी मदतनीसच होत्या.