इंजीन उगाच चालू ठेवत नाहीत

गोव्याच्या सरकारी कदंब बसचे ड्रायव्हर सकाळी स्टँडवर इंजीन चालू ठेवून डिझेल जाळतात आणि मग दोन बस एकदम सोडतात, असं एका लेखात म्हटलंय. अहो, बसचे ब्रेक हवेवर चालतात. रात्रभर उभ्या गाडीच्या टाकीतली हवा बारीक गळतीने उतरते. सकाळी कंप्रेसरने ती भरायची. हवेच्या दाबाचा काटा साधारण 6-7 बारपर्यंत चढेपर्यंत चाकं धरून ठेवणारी हँडब्रेकची स्प्रिंग पुरती सुटत नाही. तशीच गाडी रेटली तर ब्रेकचे लायनर घासून तापतात, मग वास सुटतो तो त्याचाच. पावसाळ्यात टाकीत पाणीही साठतं. खालचा कॉक उघडून ते काढलं नाही तर व्हॉल्व्ह गंजतात, आपल्या खाऱ्या हवेत तर लवकरच. दुपारच्या फेरीआधी कोणी उगाच इंजीन चालू ठेवत असेल तर ते चूकच, पण सकाळचं नव्हे.

आता दोन बस एकदम का? पणजीजवळ पर्वरीला पहिली बस पाच मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यांवर गर्दी वाढते, चढ-उतारीला वेळ जातो, ती आणखी मागे पडते. मागचीला माणसंच मिळत नाहीत, ती रिकामी येऊन पहिलीला गाठते. पणजी-मडगाव शटलचं तसं होत नाही. तिकीट खिडकीवरच, वाटेत थांबे नाहीत. साध्या बसमध्ये कंडक्टर एकटा तिकिटाचं मशीन, सुटे पैसे आणि दार सांभाळतो. पाचशेची नोट पुढे करणारे आपणच, आणि उशीर झाला म्हणून ओरडणारेही आपणच.